चेहऱ्याला मीठ

शाळेतून निरोप आला: एकतीस तारखेला
प्रत्येकानं भुताचा भोपळा आणायचा.
राजनंदिनी म्हणाली, पप्पा, डोळे त्रिकोणी,
दात चौकोनी, आत मेणबत्ती.

लक्ष्मीपुरीत भोपळेवाली पाव-पाव किलोच्या फाका लावून बसलेली.
अख्खा मागितल्यावर तिनं वर बघितलं.
"जेवणावळ हाय काय घरात?"
"न्हाई. भूत."
साडेचार किलो भरला. देठासकट.

शकुंतलानं विळी आधीच लपवलेली.
अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव बाईनं घालायचा नसतो.
मी म्हणालो, टेंबलाईवर कोहळा फोडते ती कुमारीच की.
"ती देवीची. ह्ये घर हाय."

मग मी रापी काढली.
सकाळी हीच म्हशीच्या कातड्यावर चाललेली.
दगडावर चार हात मारले,
आणि चपलेचा अंगठा कापतो तशी
देठाभोवती फिरवली, मनगटातून.
टोपण निघालं.
आत ओला अंधार, बिया,
म्हाताऱ्या बाईच्या गंगावनासारखे धागे.

पहिला घाव माझा. पुढचे पोरीचे.
रापी तिच्या हातात मी कधी दिली नव्हती.
तिनंही मागितली नव्हती.
मला बापानं सातव्या वर्षी दिलेली,
न विचारता.

डावा डोळा मोठा झाला, उजवा तिरळा.
एक दात तुटला.
खिळा नको, म्हणालो, आपल्यात खिळा चालत नाही.
भिजवलेल्या वादीनं दात शिवला,
दोन टाके, वेणीतल्यासारखे.

"अजून चार दिवस हायत पप्पा. कुजंल न्हवं?"

आता कुठं माझ्या कामाचं विचारलंस.
कातडं कुजू न देणं
एवढंच तर आम्ही पिढ्यान् पिढ्या करत आलो.
आतून खडेमीठ चोळलं.
हिरड्याचं पाणी, बाभळीच्या सालीचं पाणी,
कापल्या कडांना तेलाचं बोट.
सावलीत, वाऱ्याला, तट्ट्यावर ठेवला.
धोंडीराम डोकावून म्हणाला, "ह्यो कुणाचा नवस?"

दारावर आमचा कोहळा टांगलेला,
अवसेपासून, काळ्या दोऱ्यात.
त्याला डोळे नाहीत,
तरी सुभाषनगरातली सगळी नजर तोच खातो.
खालचा मात्र डोळे फाडून
येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत बसला.

तिसऱ्या दिवशी मिठानं पाणी ओढलं.
गाल बसले. ओठ आत वळले.
कातडं ऐकतं, त्यातला जीव गेलेला असतो.
ह्यात अजून काहीतरी चालूच होतं.
संध्याकाळी दिवा लावायला शकुंतला आली
आणि दारातच थबकली.
मीही तेच बघत होतो:
सीपीआरच्या चौदा नंबर खाटेवर
कवळी काढून ठेवलेले अण्णा.
तिनं डोक्यावर पदर घेतला.
दोघंही काही बोललो नाही.

शाळेला मीच सोडलं.
भोपळा तिच्या मांडीवर, चपलांच्या खोक्यात,
दसरा चौकात सिग्नलला
बुलेटवाला वाकून बघतोय.
बाकीच्यांचे प्लास्टिकचे होते, म्हणे,
बटण दाबलं की हसणारे.
बाईंनी हिचा शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी ठेवला.
"वास आला काय गं?"
"आला. तुमच्या कारखान्यासारखा."
मग थोड्या वेळानं,
"पण मेणबत्ती लावल्यावर आतलं मीठ चमकलं पप्पा.
कुणाच्याच भोपळ्यात असं न्हवतं."

रात्री काढून ठेवलेल्या गराचे घारगे तळले.
बिया सुपात वाळत होत्या,
शेवटचा घारगा कुणाचा यावरून थोडं भांडण झालं.
भोपळा मागच्या उकिरड्यावर नेताना
ती टोपण उचलून आत बघत होती,
बोटानं कड दाबून, नखानं खरवडून,
माझा बाप ओलं कातडं बघायचा तशी.

"पुढच्या बारीला," ती म्हणाली,
"मीठ कमी. हिरडा जादा."